गालिच्याला खिळे ठोकले तेव्हा

१८३९ साली ब्रिटिश पार्लमेंटने लंडनच्या पोलिसांसाठी एक कायदा केला. त्याचे ६० वे कलम वाचले की त्या शहराच्या रस्त्यावर तेव्हा लोक काय काय करत असत याची यादीच हाती येते. कुणी पिंपे दुरुस्त करी, कुणी लाकडे कापी, कुणी वरच्या मजल्याच्या खिडकीत आधाराशिवाय कुंड्या मांडून ठेवी. त्याच यादीत आणखी एक गुन्हा आहे: रस्त्यात गालिचा, सतरंजी किंवा पायपुसणे बडवणे अथवा झटकणे. दंड ४० शिलिंगांपर्यंत. सूट फक्त दारातल्या पायपुसण्याला, तीही सकाळी आठच्या आत. घरातल्या गालिच्याची निगा कशी बदलत गेली हे सांगताना बहुतेक लेखक या कायद्याकडे फिरकत नाहीत. ते सुरुवात करतात यंत्रापासून. आधी लोक बिचारे काठीने गालिचे बडवत, मग १९०१ मध्ये व्हॅक्यूम क्लीनर आला आणि त्यांची सुटका झाली, अशी ती गोष्ट असते. माझ्या मते ती उलट्या टोकाने सांगितलेली आहे. बडवण्याची रीत अपुरी पडली म्हणून यंत्र आले नाही. आधी गालिचा जमिनीला खिळला गेला, मग बडवायला जागा उरली नाही, आणि वर्षातून काही वेळा घराबाहेर जाणारी धूळ घरातच मुक्कामाला राहिली. यंत्र हा त्या अडचणीवरचा तोडगा. जिथे गालिचा उचलता येत राहिला, तिथे या यंत्रावाचून शतकानुशतके चालले, आणि वाईट चालले असे म्हणता येत नाही.

यासाठी गालिचा झिजतो कशाने हे आधी पाहिले पाहिजे. पायांनी झिजतो, हे अर्धेच खरे. लोकरीचा धागा चिवट असतो, दाबला तरी पुन्हा उभा राहतो. त्याला कापते ती रेती. बाहेरून पायांबरोबर येणाऱ्या मातीत गारगोटीचे बारीक, धारदार कण असतात. ते लवेच्या, म्हणजे वरच्या उभ्या धाग्यांच्या, टोकांवर थांबत नाहीत. घसरत घसरत गाठींच्या मुळाशी जाऊन बसतात आणि वर पाय पडला की लवेच्या बुडख्याशी करवतीसारखे चालतात. वरून कितीही झाडले तरी केर, केस, धागे निघतात; मुळाशी बसलेली रेती तशीच राहते. ती पाडायची तर गालिचा पालथा घालून पाठीवर मारावे लागते. म्हणूनच गाठींचे गालिचे वापरणाऱ्या दूरदूरच्या प्रदेशांत ही कृती जवळजवळ एकसारखी सापडते. रशियात कडक थंडीत गालिचा कोरड्या बर्फावर पालथा घालून धोपटतात. जर्मन शहरांच्या चाळवजा इमारतींच्या अंगणात गालिचे टाकायला लोखंडी आडव्या दांड्या रोवलेल्या असत, आणि कोणत्या वेळी बडवायचे हे इमारतीच्या नियमावलीत लिहिलेले असे. दुसरा शत्रू म्हणजे कसर. कसरीची अळी लोकरीवर जगते, पण तिला अंधार आणि शांतता लागते. कपाटाखाली, पलंगाखाली, जिथे महिनोन्महिने हात फिरत नाही तिथे ती फोफावते. तिच्यावरचा जुना इलाज म्हणजे हलवणे आणि ऊन दाखवणे. रेती असो वा कसर, दोन्ही उपायांची पहिली अट एकच: गालिचा जागेवरून उठला पाहिजे.

तो उठावा यासाठी एके काळी राज्ये स्वतंत्र खाती चालवत. अकबराच्या दरबारातल्या अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त फरासखान्याला वेगळे प्रकरण दिले आहे. गालिचे, तंबू, पडदे, बिछायती हे सगळे त्या खात्याकडे. इराणातून गालिचे येतच राहिले, पण बादशहाने आग्रा, फत्तेपूर आणि लाहोर येथे विणकर बसवले याचा त्याला अभिमान आहे. २० गजांहून अधिक लांब आणि ६ गजांहून अधिक रुंद अशा एका गालिच्याला १,८१० रुपये खर्च आला आणि जाणकारांनी त्याची किंमत २,७१५ रुपये केली, हेही तो नोंदवतो. बादशाही छावणी हलली की तिच्याबरोबर इराण, तुराण आणि हिंदुस्थानातले १,००० फरास, म्हणजे अंथरण्या-आवरण्याचे चाकर, असत, शिवाय १५० झाडूवाले. हा आकडा डामडौलाचा म्हणून वाचला जातो. मला तो निगेच्या व्यवस्थेचा वाटतो. मुक्काम हलला की प्रत्येक गालिचा उचलला जाई, झटकला जाई, गुंडाळला जाई आणि नव्या जागी उलगडला जाई. जिच्यावर एवढा पैसा ओतला ती वस्तू कायमची अंथरून ठेवायची असते, ही कल्पनाच तिथे नव्हती. शिवाजी महाराजांच्या राज्यातल्या अठरा कारखान्यांची जी यादी बखरकार सभासद देतो तिच्यातही फरासखाना आहे. पुण्यात ते नाव आज पोलीस ठाण्यामुळे लोकांच्या तोंडी आहे, आणि तिथे कधी सतरंज्या मोजल्या जात असतील हे तक्रार नोंदवायला जाणाऱ्याच्या मनात येत नाही. मराठी बैठकीची मांडणीही याच हिशोबाची होती. खाली सतरंजी किंवा गालिचा, वर पांढरी बिछायत, भिंतीशी लोड-तक्के. मळायचे ते पांढऱ्या कापडाने, आणि ते परटाकडे जाई. जोडे बाहेर. बैठक उठली की सगळे गुंडाळून कोठीत.

या व्यवस्थेचे सर्वात पूर्ण रूप इराणात दिसते, कारण तिथे गालिचा दरबारापुरता कधीच राहिला नाही. सामान्य घरातही जमीन म्हणजे गालिचाच. त्यावर बसायचे, जेवायचे, निजायचे, नमाज पढायची. नवरोजच्या आधी घर अक्षरशः झटकून काढण्याची जी चाल आहे तिच्यात गालिचे बाहेर काढून धुणे हे मुख्य काम. तेहरानच्या दक्षिणेला, रे या प्राचीन गावात, चश्मे-अली नावाचा झरा आहे. वरच्या कातळावर फतह अली शाहचे शिल्प कोरलेले, आणि खाली खडकांवर धुतलेले गालिचे वाळत पडलेले, अशी त्या जागेची छायाचित्रे पिढ्यान्पिढ्या निघत आली. त्या पाण्याने रंग उजळतात अशी लोकांची समजूत. काशानजवळच्या मश्हद-ए-अर्देहाल येथे तर गालिचा धुण्याचा विधीच आहे. पाचवे इमाम मुहम्मद बाकिर यांचे पुत्र सुलतान अली तिथे मारले गेले, त्यांचा देह गालिच्यात गुंडाळून झऱ्यावर नेला गेला, अशी परंपरा सांगते. त्या स्मरणार्थ दर शरद ऋतूत फिन गावचे लोक एक गालिचा झऱ्यापर्यंत वाहून नेतात आणि त्यावर पाणी शिंपडतात. भोवतीच्या जमावाच्या हातात काठ्या असतात, पण त्या गालिच्यावर पडत नाहीत, सुलतान अलींच्या शत्रूंच्या दिशेने हवेत उगारल्या जातात. २०१२ मध्ये युनेस्कोने हा विधी आपल्या वारशाच्या यादीत घेतला. विशेष म्हणजे त्याची तारीख चांद्र पंचांगावर न ठरता सौर पंचांगातल्या मेहर महिन्यावर ठरते, म्हणजे ऋतूशी बांधलेली आहे. शोकविधीला गालिचा धुण्याचे रूप मिळावे, इतके ते काम त्या समाजात ओळखीचे होते.

आता इंग्लंडकडे. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात डच विद्वान इरॅस्मसने कार्डिनल वुल्झीच्या वैद्याला पत्र लिहिले, त्यात इंग्रजांच्या जमिनींची लाज काढली आहे. मातीच्या जमिनीवर लव्हाळे पसरलेले असे. वरचा थर बदलत, खालचा कधी कधी वीस-वीस वर्षे तसाच राही, आणि त्यात थुंकी, सांडलेली बिअर, माशांचे काटे असे सर्व काही मुरत असे. अशा जमिनीवर पूर्वेकडून आलेला महागडा गालिचा कोण टाकणार? तो गेला मेजावर. हान्स होल्बाइनच्या १५३३ च्या ‘द अँबॅसडर्स’ या चित्रात तुर्की गालिचा दोन राजदूतांच्या मधल्या मांडणीवर पसरलेला आहे, त्यावर खगोलशास्त्राची उपकरणे. लाहोरमध्ये १६३० च्या सुमारास खास विणून लंडनच्या गर्डलर्स कंपनीला भेट दिलेला गालिचाही मेजासाठीच होता. जमिनीवर गालिचा सर्रास आला तो अठराव्या शतकात, आणि मध्यमवर्गाच्या घरात आला तो एकोणिसाव्या शतकात, जेव्हा अमेरिकेत इरास्टस बिगेलोने १८४० च्या दशकात गालिच्यांचे यंत्रमाग चालवून दाखवले. यंत्रमागावरचा माल २७ इंच रुंदीच्या पट्ट्यांत निघे. पट्ट्या शिवून खोलीच्या आकाराचे एकच पांघरूण करायचे, शेगडीच्या कोनाड्याभोवती कापून बसवायचे आणि कडेने खिळे ठोकायचे. भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा ही प्रतिष्ठेची खूण ठरली. त्यावर लोक रस्त्यातले बूट घालून वावरत, आणि तो रस्ता घोड्यांच्या लिदीचा व कोळशाच्या काजळीचा होता हे विसरता येत नाही.

खिळे ठोकले म्हणून निगा लगेच थांबली, असे मात्र झाले नाही. वर्षातून एकदा, वसंतात, खिळे उपटून गालिचा बाहेर काढण्याची पद्धत बरीच वर्षे टिकली. तो दिवस घरातल्या सर्वांना नकोसा असे, कारण फर्निचर हलवायचे, शेकडो खिळे काढायचे आणि पुन्हा ताणून ठोकायचे. मधले अकरा महिने घराने युक्त्यांवर काढले. जेवणाच्या मेजाखाली जाडेभरडे कापड अंथरले जाई, म्हणजे अन्नकण त्यावर पडावेत. इसाबेला बीटनच्या १८६१ च्या गृहव्यवस्थेच्या प्रसिद्ध ग्रंथात मोलकरणीला सूचना आहे की झाडण्याआधी गालिच्यावर वापरलेल्या चहाची ओली पत्ती पसरावी, म्हणजे धूळ उडत नाही आणि खोलीला वास चांगला येतो. ही युक्ती हुशारीची आहे, पण ती वरच्या धुळीची. मुळाशी बसलेल्या रेतीला चहाची पत्ती काय करणार? १८७६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड रॅपिड्स येथे मेल्व्हिल बिसेलने चाकावरच्या फिरत्या कुंच्याचे पेटंट घेतले. तेही वरवरचेच काम, फक्त कमी वाकून. आणि वर्षातून एकदा बडवायचे म्हटले तर रस्त्यात १८३९ चा कायदा आडवा. ज्यांना मागे बाग होती त्यांचे भागले. इतरांनी गालिचे बडवण्याचा धंदा करणाऱ्यांकडे पाठवावेत, नाहीतर धूळ सोसावी.

‘उचलता येणारा गालिचा बरा’ हे पूर्वेकडचे शहाणपण आपण मागाहून इंग्रजांवर लादतो आहोत, असा आक्षेप इथे येऊ शकतो. तो टिकत नाही, कारण हीच गोष्ट त्या काळच्या इंग्रजांनीच सांगितली होती. चार्ल्स ईस्टलेकने १८६८ च्या आपल्या गृहसजावटीवरच्या पुस्तकात खोलीभर गालिचा बसवण्याच्या पद्धतीवर टीका केली आणि कडेने लाकडी जमीन उघडी ठेवण्याचा सल्ला दिला. १८८४ मध्ये लंडनला आरोग्याचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले, तेव्हा वास्तुकार रॉबर्ट एडिस आणि त्याच्यासारखे सुधारक सुटे गालिचे आणि पुसता येणारी जमीन यांचा पुरस्कार करत होते. म्हणजे व्हॅक्यूमच्या शोधाआधीच प्रश्नाचे निदान झाले होते आणि बिनखर्चाचे उत्तरही समोर होते. ते थोड्यांनीच ऐकले. बहुतेकांना भिंतीपासून भिंतीपर्यंतची ऐट सोडवेना, आणि ऐट टिकवून धूळ घालवणारी वस्तू जो देईल त्याच्यासाठी बाजार तयार झाला.

ती वस्तू ह्युबर्ट सेसिल बूथने दिली. १९०१ मध्ये लंडनच्या एका नाट्यगृहात त्याने हवेच्या झोताने धूळ उडवणाऱ्या यंत्राचे प्रात्यक्षिक पाहिले आणि त्याला प्रश्न पडला की उडवण्याऐवजी ओढून का घेऊ नये. त्याचे पहिले यंत्र म्हणजे घोड्यांनी ओढायची गाडी. आत पेट्रोलचे इंजिन. ती रस्त्यात उभी करून लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेतले गालिचे याच यंत्राने साफ केले, आणि नाव झाले. या चित्रातला विनोद मला सोडवत नाही. १८३९ मध्ये गालिचा रस्त्यात आणून बडवायला बंदी झाली. साठ वर्षांनी तोच रस्ता नळीतून गालिच्यापर्यंत आणला गेला. पुढे ओहायोतल्या कँटन गावी एका दुकानात झाडलोट करणाऱ्या, दम्याने त्रासलेल्या जेम्स मरे स्पँगलरने विजेचा लहान पंखा, काठी आणि उशीचा अभ्रा जोडून हाताळता येण्याजोगे यंत्र केले. १९०८ मध्ये त्याचे हक्क विल्यम हूवरने घेतले. आणि १९२६ मध्ये हूवर कंपनीने त्या यंत्रात काय घातले? गालिच्याला थापट्या मारणारी फिरती पट्टी. नुसत्या ओढीने मुळातली रेती सुटत नाही, हे इंजिनिअरांनाही मान्य करावे लागले. आपले यंत्र गालिचा बडवतेही, असे कंपनी जाहिरातीत अभिमानाने सांगत असे. जी कृती मागासलेली म्हणून टाकली, तिचीच नक्कल करून यंत्र सुधारले.

यंत्राने कष्ट कमी केले, हा त्याच्या बाजूचा सर्वात जड मुद्दा, आणि त्याला नुसते हसून भागणार नाही. फरासखान्याची वर्णने वाचायला छान वाटतात. पण ‘आईन’मध्येच छावणीतल्या पायी चाकरांचा महिन्याचा पगार १३० ते २४० दाम दिला आहे. ४० दामांचा रुपया धरला तर वरच्या दराने ६ रुपये होतात. म्हणजे १,८१० रुपयांच्या त्या एका गालिच्याइतके कमवायला वरच्या पगाराच्या चाकरालाही पंचवीस वर्षे लागली असती. गालिचे उचलत राहिले ते स्वस्त माणसांच्या जोरावर, हे कबूल केलेच पाहिजे. इराणी घरातही नवरोजचे धुणे बायकांच्या कंबरेवरच पडले. पण यंत्राने ते ओझे उतरवले का? रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकाराने १९८३ च्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथात याचा छडा लावला आहे. पूर्वी गालिचा वर्षातून एक-दोनदा निघे, तेव्हा घरातले पुरुष, मुलगे किंवा रोजावरची माणसे हाताला येत. यंत्र आल्यावर ते काम आठवड्याचे झाले आणि एकट्या गृहिणीचे झाले. कष्ट हलके झाले, पण वेळा वाढल्या आणि वाटेकरी गेले. तेव्हा कष्टांचा मुद्दा दोन्ही पद्धतींना लागू पडतो आणि कोणालाच जिंकून देत नाही.

जास्त खोल आक्षेप वस्तुसंग्रहालयांकडून येतो. जगातले सर्वात जुने गालिचे निगेमुळे टिकलेच नाहीत, ते कुणी हात न लावल्यामुळे टिकले. अल्ताई पर्वतातला पाझिरिक गालिचा १९४९ मध्ये सर्गेई रुदेंकोला सापडला तो सुमारे २,३०० ते २,५०० वर्षे थडग्यातल्या बर्फात गोठून होता. तुर्कस्तानात कोन्याच्या अलाउद्दीन मशिदीतले सेल्जुक गालिचे १९०५ च्या सुमारास प्रकाशात आले ते नव्या गालिच्यांच्या थरांखालून. म्हणजे तिथे न उचलण्यानेच वारसा वाचवला! आक्षेप खरा आहे, पण तो वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो. थडग्यातला गालिचा आणि घरातला गालिचा यांचे आयुष्य एका मापाने मोजता येत नाही. ज्याच्यावर कुणी चालत नाही त्याला रेतीचे भय नसते. अर्दबीलचा प्रसिद्ध गालिचा पाहावा. हिजरी ९४६, म्हणजे १५३९-४० ची तारीख त्यावर विणलेली आहे. शेख सफीच्या दर्ग्यातून निघून तो लंडनला आला तेव्हा जोडीतला एक गालिचा दुसऱ्याच्या तुकड्यांनी दुरुस्त केलेला होता. १८९३ मध्ये आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने तो २,००० पौंडांना घेतला, विल्यम मॉरिसच्या शिफारशीवरून. आता तो काचेच्या पेटीत जमिनीवर पसरलेला असतो आणि रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटे दिवे लावतात. ही निगा उत्तम आहे, पण तिने गालिच्याचे चित्र केले आहे. घराचा प्रश्न वापरातल्या वस्तूचा आहे.

संग्राहक पुढे म्हणतात की बडवण्याने ताण्या-बाण्याचे जुने धागे तुटतात आणि धुण्याने रंग जातात. दोन्हीत तथ्य आहे. शंभर वर्षांच्या वाळलेल्या सुती ताण्यावर वेताचे फटके मारू नयेत हे कुणीही मान्य करील. रंगांचे म्हणाल, तर अपराधी कोण हे तपासावे. मंजिष्ठेचा लाल आणि निळीचा निळा, नीट बसवला असेल तर, थंड पाण्याला दाद देत नाही. तुरटीने मंजिष्ठा लोकरीला बांधली जाते. १८५६ मध्ये विल्यम पर्किनने डांबरापासून पहिला कृत्रिम रंग काढला आणि पुढच्या काही दशकांत स्वस्त ॲनिलिन रंग इराणच्या गावोगावी पोचले. ते पाण्यात पसरत आणि उन्हात विटत. इराणी सरकारला त्यांच्यावर बंदी घालायची वेळ आली. म्हणजे धुण्याची रीत बिघडली नव्हती, रंग बिघडले होते. धुण्याने खरे नुकसान केले ते अमेरिकन बाजारात. १९२० च्या दशकात इराणच्या सारुक भागातले गालिचे न्यूयॉर्कला येत, तिथे रंग मवाळ करण्यासाठी आणि चकाकी आणण्यासाठी क्लोरीन व कॉस्टिकच्या पाण्यातून काढले जात, आणि त्यात लाल रंग इतका फिका पडे की कारागीर ब्रशने पुन्हा लवेवर रंग भरत. अशा रंगवलेल्या सारुकांचा धंदा मोठा झाला. झऱ्यावरच्या धुण्याला आणि या प्रकाराला एकच नाव देणे अन्याय आहे. एकात मळ काढायचा होता, दुसऱ्यात नवा माल जुन्यासारखा दिसायला हवा होता.

दुसऱ्या महायुद्धानंतर खिळ्यांचीही गरज संपली. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या डाल्टन गावी हाताने टाके घालून पलंगपोस करण्याचा घरगुती उद्योग होता. त्यातून टफ्टिंगची यंत्रे निघाली, त्यांना नायलॉनचे सूत मिळाले, आणि गालिचा एवढा स्वस्त झाला की घर बांधतानाच तो जमिनीवर बसवून टाकू लागले. आता वसंतातही तो निघेना. १९६० च्या दशकात लायडन येथील फोरहोर्स्ट, स्पीक्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की घरातल्या धुळीची जी ॲलर्जी म्हणतात तिचे मोठे कारण धुळीत राहणारे सूक्ष्म कोळीवर्गीय जीव, माइट, आहेत. दमट हवेत, लवेच्या मुळाशी, त्यांना हलवणारे कुणी नाही. व्हॅक्यूमने जिवंत माइट पुरेसे निघत नाहीत, ते धाग्यांना धरून बसतात. आणि १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी छापलेला निष्कर्ष काय होता, तर गालिचा काही तास कडक उन्हात पालथा टाकला की त्यातले माइट मरतात. इतक्या खटाटोपानंतर विज्ञान ‘ऊन दाखवा’ या घरगुती सूचनेवर येऊन थांबले. मराठी घरात ही अडचण फारशी उद्भवलीच नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर काही कायमचे अंथरणे शक्यच नव्हते, नंतर शाहाबादी फरशी आणि मोझॅक आले, ते पुसायचे असत. पावसाळ्याची ओल आणि वाळवी या दोघींनी उरलेला मोह घालवला. सतरंजी, जाजम, घोंगडी ही कारणापुरती उलगडायची, मग झटकून वळकटी करायची, दसरा-दिवाळीला गच्चीवर उन्हात टाकायची. आपण हे मुद्दाम ठरवून केले असे म्हणणे फुशारकीचे होईल. हवामानाने करवून घेतले.

राहिला शहराचा आक्षेप. सातव्या मजल्यावर राहणाऱ्याने गालिचा कुठे बडवायचा? सोसायट्यांचे नियम गॅलरीतून काही झटकू देत नाहीत, आणि खालच्या मजल्यावरच्यांची बाजू घ्यायची तर ते योग्यच आहे. तेहरानने याचे उत्तर काढले आहे. तिथे गालिचे धुण्याचा सुसंघटित धंदा आहे. नवरोजच्या आधी गाड्या घरोघर फिरून गालिचे उचलतात, शहराबाहेरच्या कारखान्यात त्यांची धूळ यंत्राने झाडली जाते, मग ते धुऊन, पाणी काढून, टांगून वाळवून परत येतात. यंत्र तिथेही आहे, पण गालिचा त्याच्याकडे जातो. हा मार्ग मला लंडनच्या मार्गापेक्षा शहाणा वाटतो, तरी त्याच्याविरुद्ध एक मुद्दा असा आहे जो मला खोडता येत नाही, आणि तो पाण्याचा. झऱ्यावर धुण्याची रीत ज्या काळात बसली तेव्हा झरे वाहते होते आणि गालिचे मोजके होते. आज इस्फहानमधून वाहणारी झायंदे-रूद नदी वर्षाचे कित्येक महिने कोरडी असते, आणि मोठा गालिचा नीट धुवायचा तर भरपूर वाहते पाणी लागते. रेती काढायला काठी पुरते, माइट मारायला ऊन पुरते, पण सांडलेला चहा, तुपाचा डाग आणि लोकरीत मुरलेला घामट मळ पाण्याशिवाय निघत नाही, आणि इराणच्या पठारावर ते पाणी आता विहिरीतून उपसावे लागते.